तांब्याच्या हंड्यातले रडणे

एका राज्यात अशी वेळ आली की कोणालाच काही हवेसे वाटेना. पुढ्यात भाकरी होती, पण हात पुढे होत नव्हता. विहिरीला पाणी होते, पण पोहरा सोडावासा वाटत नव्हता. सुगी आली नि गेली, कणसे उभ्या उभ्या वाळली आणि पाखरांनी खाल्ली. माणसे ओट्यांवर बसून राहिली आणि बसल्या बसल्या मरू लागली. त्यांच्यासाठी कोणी रडले नाही, कारण गेलेले माणूस परत यावे असेही कोणाला वाटत नव्हते.

त्या राज्याच्या प्रजेत एकच बाई अशी उरली होती जिला अजून काही हवे होते. तिचे नाव हेमकळा. ती त्या राज्याची मनवळी होती.

मनवळी म्हणजे काय, ते आधी ऐका. राजाला कोणाकडून काही हवे असे आणि तलवारीने ते मिळण्यासारखे नसे, तेव्हा राजा मनवळीला धाडी. मनवळी त्या माणसाच्या दारात जाऊन बसे. आधी तोंड उघडत नसे. दुपार कलो, दिवस बुडो, घरधनी बोलेपर्यंत ती बसून राही. न राहवून माणूस जे पहिले वाक्य बोलतो त्यात त्याचे हवेपण असते, असे ती विद्या सांगे. ते हवेपण ओळखायचे, त्याला हात घालायचा, मग माणूस आपण होऊन हवे ते देतो. या विद्येला दोन बंधने होती. घरच्या माणसांवर ती चालवायची नाही. आणि स्वतःला काय हवे ते मनवळीने कधीही, कोणापुढेही बोलायचे नाही. बोलली की विद्या गेली.

हेमकळेने ही विद्या बापाकडून घेतली होती, आणि ती बापापेक्षा सवाई निघाली होती. तिच्या त्या सवाईपणामुळेच हे सारे घडले.

त्या राज्याचा राजा शंखपाळ. त्याच्या वाड्याच्या दारात पूर्वीच्या राजांनी एक घंटा टांगलेली होती. ज्याला काही मागायचे असेल त्याने ती वाजवावी आणि राजाने बाहेर यावे, अशी रीत. शंखपाळ त्या घंटेला कंटाळला. जेवायला बसला की घंटा, डोळा लागला की घंटा. तेव्हा जंभक नावाचा मांत्रिक त्याच्याकडे आला.

"महाराज, घंटा काढलीत तर लोक दारावर धोंडे मारतील," जंभक म्हणाला. "घंटा राहू द्या. लोकांचं मागणंच काढून घेऊ."

त्याने मंतरलेला तांब्याचा हंडा आणला. राजाने दवंडी पिटवली की प्रत्येकाने यावे, आपल्या मनातले सगळ्यात मोठे मागणे या हंड्यात सांगावे, राजा एकेक करून सारी पुरी करील. लोक शहाणे होते. कोणी आले नाही. मग राजाने हेमकळेला धाडले.

हंड्याचे गुपित तिला ठाऊक नव्हते. ती तरुण होती, आणि तिला दम निघत नव्हता. एकदा का राजाने साऱ्यांच्या मनातले ऐकले की राज्यात अन्याय म्हणून उरणार नाही, असे तिला अगदी खरेच वाटत होते. एकेका घंटेने एकेक गाऱ्हाणे जाणार, त्याला जन्म पुरायचा नाही; सगळे एकदमच का नको? ती दारोदार हिंडली. कोष्ट्याच्या सुनेला माहेर हवे होते. हेमकळा तिच्या मागापाशी बसली नि म्हणाली, "हंड्यात माहेर माग." म्हाताऱ्या दगडू लोहाराला आपल्या मेलेल्या मुलाचे नाव कोणीतरी घ्यावेसे वाटत होते. हेमकळेने त्याच्या भट्टीशी बसून ते नाव घेतले, नि म्हातारा डोळे पुसत तिच्यामागून निघाला. त्याच्यामागून आळी निघाली, आळीमागून गाव.

तिचा नवरा तुळाजी नावाडी होता. तोही रांगेत उभा राहिला. हंड्याशी वाकून तो काय पुटपुटला ते तिने ऐकले नाही. घरच्या माणसाचे मन वाचायचे नाही, म्हणून तिने मान वळवून घेतली. मग तिने कडेवरची आपली तान्ही मुलगी राही हंड्यावर धरली. राही भुकेजली होती, तिने टाहो फोडला. लोक हसले.

"हिचं मागणं सगळ्यांत चोख," कोणीसे म्हणाले.

हेमकळा स्वतः मात्र बंधन पाळून हंड्याशी गप्प राहिली, आणि राजा तर हंड्याशी वाकलाच नाही. राजाने झाकणावर लाख ओतून मुद्रा उठवली, आणि त्याच क्षणी साऱ्या राज्यातले हवेपण हंड्यात बंद झाले.

तुळाजी नावेत बसला आणि वल्हे मांडीवर घेऊन बसूनच राहिला. नाव बंधाऱ्यावरून खाली गेली, तरी त्याने काठाकडे हात केला नाही. राही रडेनाशी झाली. तिला छातीशी धरले तर ती ओठ हलवीना. हेमकळा कापसाची वात दुधात भिजवून तिच्या तोंडात पिळी. काही थेंब पोटात जात, बाकीचे ओघळून गालावर येत. पोर दिवसेंदिवस हलकी होत चालली.

जंभकही राहिला नाही. ज्या राज्यात कोणाला काहीच नको, तिथे मांत्रिकाचे पोट भरायचे कसे? जाताना त्याने हंडा डोंगरात एका जुन्या पहाऱ्यामागे लपवला, आणि राजाला सांगून गेला, "मुद्रा तुमची. तुमच्याच हाताने, तुमच्याच खुशीने फुटेल. जबरदस्तीने कोणाच्याने फुटायची नाही."

हेमकळेने राहीला पाठीशी बांधले, कमरेला दुधाचा गडू लावला, आणि ती हंडा शोधायला निघाली.

डोंगराची वाट आता एकट्या टिटवीला ठाऊक होती. ती टिटवी कोरड्या नदीच्या वाळूत बसलेली असे. तिने उडून जाऊ नये म्हणून जंभकाने तिच्या अंड्यांचे दगड केले होते, आणि ती त्या दगडांवर पंख पसरून बसली होती. मुद्रेचा हंडा म्हणजे सोने, असे समजून परमुलखातले पुष्कळ जण तिच्याकडे येऊन गेले होते. कोणी मासे आणले, कोणी दाणे. तिने कोणाला खरी वाट सांगितली नाही.

हेमकळा थोडी दूर वाळूत बसली. ऊन चढले, वाळू तापली. ती बोलली नाही. शेवटी टिटवीच म्हणाली,

"बाई, उठशील तेव्हा पाय जपून टाक. इथे माझी अंडी आहेत."

हेमकळेने पाहिले. दगड होते. पण बापाची विद्या तिच्या आत जागी झाली होती.

"किती आहेत?" तिने विचारले.

"चार."

"त्यांतलं आधीचं कोणतं?"

 टिटवीने चोचीने एक दगड हळूच पुढे सारला. "हे. ह्याच्यावर ठिपके जास्त आहेत. आजवर जे आले ते सगळे म्हणाले, अगं वेडे, दगड आहेत. एकाने तर उचलून पाहिलं."

"मग?"

"मग मी त्याला डोंगरातली वाट सांगितली. उलटी. कड्यावरून जाणारी."

हेमकळेने बाभळीची एक फांदी मोडून आणली आणि त्या चार दगडांवर सावली धरेल अशी वाळूत रोवली.

"तुझ्या पाठीवर काय आहे?" टिटवीने विचारले.

"माझी मुलगी."

"रडत नाही ती."

"नाही."

"माझीही आतून टोचा मारत नाहीत," टिटवी म्हणाली. "उगवतीच्या डोंगरात जा. जिथे गवत उगवत नाही ती वाट खरी. फाटा फुटेल तिथे अवघड बाजू घे."

हेमकळा उठली. पाय जपून टाकत चालू लागली. आपण त्या पाखराशी मायेने बोललो की विद्येने, हे तिचे तिलाच कळेना. पूर्वी असा प्रश्न तिला पडला नसता.

गवत नसलेली वाट एका गुहेशी संपली. गुहेच्या तोंडाशी एक पहारेकरी उभा होता. त्याला धडावर डोके नव्हते. डोके त्याने केसांनी कमरेला बांधले होते. हातात नागवी तलवार होती आणि भोवती पूर्वीच्या काळी आलेल्यांची हाडे पडली होती. कोणी त्याला डोके शिवून द्यायला आले होते, कोणी मुक्ती द्यायला, कोणी रत्नांचा शिरपेच. त्याने सगळ्यांना सारखेच कापले होते.

हेमकळेने हाडे बाजूला सारली आणि ती बसली. राहीच्या तोंडात वात पिळली. थेंब ओघळले. पहाऱ्याच्या तलवारीची सावली तिच्या पायांवरून गेली, गुडघ्यांवरून गेली, तरी ती हलली नाही. तेव्हा कमरेच्या डोक्याने डोळे उघडले.

"प्रहर कोणता?"

"तिसरा."

"म्हणजे आजही उशीर झाला. माझी बदली पहिल्या प्रहरी यायची होती."

"कोणाच्या हुकमाने उभे आहात, दादा?"

त्याने एका राजाचे नाव सांगितले. ते नाव हेमकळेने कधी ऐकले नव्हते. त्याचे राज्य बुडाले होते, शत्रूही बुडाले होते, आणि हा मरूनसुद्धा उभाच होता. जंभकाने त्याच्यामागे नुसता हंडा आणून ठेवला होता. त्याला डोके नको होते. मुक्ती म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हते. त्याला पाळी संपायला हवी होती.

हेमकळा उठून त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. "दादा, बदली आली. पाळी संपली."

तलवार खाली आली. पण माणूस हलला नाही.

"माझ्या जागी कोण उभं राहणार?" डोके म्हणाले. "जागा रिकामी सोडायची रीत नाही."

तिला स्वतःला पहाऱ्याला उभे राहता येत नव्हते. पाठीवर पोर होती.

"तलवार द्या," ती म्हणाली. "माझी सावली ठेवते."

"कापताना दुखेल."

"दुखू द्या."

तिने टाचेपाशी सावली कापली. रक्त आले नाही, पण पायांतून एक थंडी शिरली ती तिथेच राहिली. सावली उठली आणि पहाऱ्याला उभी राहिली. पहारेकऱ्याने आपले डोके सोडून काखेत घेतले आणि तो खाली बसला.

"घरी काही निरोप?" हेमकळेने विचारले.

"घर असेल असं वाटत नाही," तो म्हणाला, आणि त्याची माती झाली.

हंडा फार मोठा नव्हता, पण काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखा जड होता. आतून घुमल्यासारखा आवाज येत होता. तिने झाकणावर धोंडा घातला, तर धोंडा फुटला. तिने हंड्याला कान लावला आणि लगेच काढून घेतला. त्या घुमण्यात एक बारीक टाहो होता.

परतीच्या वाटेवर ऊन मी म्हणत होते. तिची सावली पडत नव्हती, म्हणून पोरीला सावली नव्हती. तिने राहीला पुढे छातीशी बांधले आणि हंडा डोक्यावर असा तोलला की हंड्याची सावली पोरीच्या तोंडावर यावी. तशी मान वाकडी धरून ती चालत राहिली. गावे लागली. ओट्यांवर माणसे होती. काही अजून श्वास घेत होती. तिला ती तोंडे ओळखीची होती. यांच्याच उंबऱ्यावर बसून ती गोड बोलली होती.

वाड्याचे दार उघडे होते. शिपाई भिंतींना टेकून बसलेले होते, कोणी जिवंत, कोणी नाही. आत सिंहासनावर शंखपाळ घोड्यांचे भिजवलेले हरभरे खात बसला होता. त्याची हाडे वर आली होती. त्याने हेमकळेला पाहिले, हंडा पाहिला, आणि तो किंचित हसला. मग त्याने ओठांवर बोट ठेवले.

राजाला विद्या ठाऊक होती. त्याच्याच चाकरीतली होती ती. बोललो की सापडलो, हे तो जाणून होता.

हेमकळा समोर बसली. दोघेही गप्प. तिने शिकवल्याप्रमाणे त्याचे डोळे पाहिले. ते दाराकडे गेले नाहीत, हंड्याकडे गेले नाहीत, कुठेच गेले नाहीत. त्याने सगळी कवाडे लावून घेतली होती. तिने राहीच्या तोंडात वात पिळली. दूध सगळेच्या सगळे बाहेर आले. पोरीच्या छातीवर तिने हात ठेवला, तर खालचा श्वास इतका उशिरा वर आला की तोवर तिचा स्वतःचा थांबला होता.

मी इथे नेमाने बसेन, तिच्या मनात आले, पोर मरेल, आणि माझी विद्या अगदी शाबूत राहील.

ती आधी बोलली.

"महाराज, माझी मुलगी रडावी. मला एवढंच हवं आहे."

बोलताक्षणी तिच्या आतून काहीतरी उठून गेले, पाहुणा उठून जावा तसे. समोरचा चेहरा तिला नुसता चेहरा दिसू लागला. त्यात काय चालले आहे ते तिला काही म्हणता काही कळेना.

राजाने ओठांवरचे बोट काढले.

"पुन्हा बोल," तो म्हणाला.

"माझी मुलगी रडावी, महाराज."

"तुला ठाऊक आहे?" राजाचा आवाज न वापरल्याने चिरका झाला होता. "परवा मीच उठून ती घंटा वाजवली. मग मीच दार उघडायला गेलो. बाहेर कोणी नव्हतं." हातातले हरभरे त्याने खाली टाकले. "ह्या हंड्यात माझं मरण मागणारेही असतील."

"असतील."

"थोडे?"

"मी दारोदार हिंडले होते. थोडे नाहीत."

"मनवळी ना तू? खोटं तरी बोलायचं होतंस."

"आता मनवळी नाही, महाराज. नुसती मागायला आले आहे."

राजा सिंहासनावरून उतरला. हंड्यापाशी येऊन मांडी घालून बसला, आणि अंगठ्याने त्याने आपली मुद्रा दाबली. ती वाळल्या पापुद्र्यासारखी फुटली.

पहिला बाहेर पडला तो बारीक टाहो. तो थेट राहीच्या तोंडात शिरला आणि तिथून पुन्हा बाहेर पडला, तेव्हा वाड्याच्या छतातले पारवे उडाले. मागोमाग सगळे सुटले. भूक सुटली, तहान सुटली, राग सुटला. शिपाई पाणी मागत उठले. गावोगावी चुली पेटल्या. आणि मग माणसांनी आजूबाजूला पाहिले, कोण कोण उरले नाही ते त्यांना दिसले, आणि इतक्या दिवसांचे रडणे साऱ्या राज्यात एकदम सुरू झाले.

ज्या इच्छांची माणसे मेली होती त्यांना जायला जागा नव्हती. त्या वाड्यात वाऱ्यासारख्या फिरत राहिल्या. एक माहेर मागत होती. एक बैलजोडी मागत होती. त्यांतली एक हेमकळेच्या कानाशी येऊन थांबली. तुळाजीचा आवाज होता.

"हेमकळेनं एकदा तरी सांगावं," तो म्हणत होता, "की तिला काय हवं आहे."

साऱ्या राज्याची मने तिने वाचली होती. तिने रडणाऱ्या पोरीला घट्ट धरले.

"सांगितलं," ती म्हणाली. "उशीर झाला."

तो एक आवाज शांत झाला. बाकीचे फिरत राहिले.

लोक वाड्यावर चालून आले. शंखपाळ पळाला नाही. तो घंटेखाली पायरीवर येऊन बसला. सगळ्यांत पुढे दगडू लोहार होता, हातात घण होता.

"माग," राजा म्हणाला.

घण वर गेला आणि तिथेच थांबला. "आधी माझ्या मुलाचं नाव घे," लोहार म्हणाला. "नारायण."

राजाने नाव घेतले. मागची बाई पुढे झाली, तिने आपल्याकडच्या तीन मेलेल्यांची नावे सांगितली. राजाने तीही घेतली. मग तिच्या मागचा. लोहाराने घण खाली ठेवला. मारायचे ते नंतरही मारता येईल, आधी ह्याला सगळे ऐकू दे, असे लोकांत ठरले. शंखपाळ त्या पायरीवरून पुन्हा सिंहासनावर गेला नाही. तिथेच नावे घेता घेता म्हातारा झाला नि तिथेच मेला. शेवटचे नाव घेतले तेव्हा वाड्यात फिरणारा वारा थांबला. तेव्हापासून त्या राज्यात राजा घंटेखालीच बसतो, आणि मनवळी हे पदच उरलेले नाही. राजाला कोणाकडून काही हवे असेल तर तो स्वतः दारात जातो, आणि आपल्याला काय हवे ते आधी सांगतो. लोकांना पटले तर देतात, नाही पटले तर नाही म्हणतात.

नदीच्या वाळूत चार दगड तडकले आणि त्यांतून चार पिल्ले चिरचिरत बाहेर आली. गुहेत राखायला काही उरले नव्हते, म्हणून हेमकळेची सावली पहाऱ्यावरून निघाली आणि दिवेलागणीला दमूनभागून तिच्या अंगणात आली.

तेव्हा हेमकळा ओसरीवर होती आणि राही रडत होती. छातीशी धरली तर पिऊन पुन्हा रडू लागली. निजवली तर रडली, उचलली तर रडली. कोष्ट्याची म्हातारी कुंपणापलीकडून बघत होती. त्या दिवसांत तिची सून मेली होती.  ती म्हणाली,

"आम्हा सगळ्यांच्या मनातलं कळायचं तुला. पोरीचं कळत नाही होय?"

"नाही कळत, मावशी."

"पोट बघ. शेकून बघ जरा."

हेमकळेने पोरीचे पोट चाचपले. मग तिला खांद्यावर टाकून ती अंगणात येरझारा घालू लागली, आणि दर फेरीला तिच्या कानाशी विचारू लागली, "काय हवंय गं तुला? काय हवंय?"

राही सांगत होती, मोठमोठ्याने. हेमकळेला कळत नव्हते. ती विचारत राहिली.